क्षेत्र बदलण्याआधी त्या क्षेत्रातल्या माणसांशी बोलायचे आहे: कोणाला, काय आणि कसे विचारावे?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. औषधनिर्मिती उद्योगातील गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे काम करत आहे. एचपीएलसीवर (औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुने तपासणे, निष्कर्ष नोंदवणे आणि एखादा निष्कर्ष मर्यादेबाहेर गेला की त्याचे कारण शोधून अहवाल लिहिणे, हे माझे रोजचे काम. कामाविषयी तक्रार नाही. परंतु यंत्रासमोरच्या वेळेपेक्षा अहवाल लिहिण्याच्या वेळेत माझे मन अधिक रमते, हे हळूहळू लक्षात आले आहे. त्यामुळे रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांना नियामक संस्थांची मंजुरी मिळवण्याचे काम) किंवा मेडिकल रायटिंग (माणसांवरील औषधचाचण्यांचे, म्हणजे क्लिनिकल अभ्यासांचे, अहवाल वगैरे लिहिण्याचे काम) यांपैकी एखाद्या क्षेत्राकडे वळावे, असा विचार सध्या बळावतो आहे.

अडचण अशी की, या दोन्ही क्षेत्रांविषयी जे वाचायला मिळते ते सगळे एकाच साच्यातले असते. नोकरीच्या जाहिरातींत उत्तम संवादकौशल्य आणि बारकाईने काम करण्याची वृत्ती मागितलेली असते, अभ्यासक्रम विकणारे त्या क्षेत्राला मोठी मागणी असल्याचे सांगतात, आणि त्या खुर्चीत बसणारी व्यक्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करते हे मात्र कुठेच कळत नाही. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी ‘इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू’ घेण्याचा सल्ला दिला. म्हणजे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीकडे नोकरी न मागता, केवळ कामाची माहिती घेण्यासाठी थोडा वेळ मागायचा.

सल्ला पटला, पण पाऊल उचलले जात नाही. ज्यांची माझी ओळख नाही त्यांनी माझ्यासाठी वेळ का काढावा? शिवाय मला शेवटी त्याच क्षेत्रात नोकरी हवी आहे, तेव्हा ‘मला फक्त माहिती हवी आहे’ असे म्हणणे हा आडून केलेला अर्जच नाही का? समजा कोणी वेळ दिलाच, तर असे काय विचारावे की जे मला संकेतस्थळावर वाचून समजले नसते? आणि भेट झाल्यानंतर ती ओळख टिकवायची म्हणजे नक्की काय करायचे? सणावाराला शुभेच्छा पाठवत राहणे मला जमणार नाही. माझ्या सध्याच्या कार्यालयात याची कुणकुण लागू नये, हीही एक चिंता आहे. ज्यांनी अशा भेटी मागितल्या किंवा दिल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पैलतीर

मी रेग्युलेटरी अफेअर्समध्ये आहे आणि प्रयोगशाळेतूनच इकडे आलो, त्यामुळे आपला प्रश्न दोन्ही काठांवरून पाहू शकतो. आधी नैतिक शंकेविषयी. आपल्याला त्या क्षेत्रात जायचे की नाही हे अजून ठरलेले नाही. ते ठरवण्यासाठीच आपण विचारत आहात. ही वस्तुस्थिती असेल तोवर यात आडपडदा काही नाही. ‘मी या क्षेत्राचा विचार करत आहे’ असे उघड सांगावे. समोरच्या माणसालाही हे कळत असतेच, आणि त्यात त्याला वावगे वाटत नाही. वावगे तेव्हा वाटते जेव्हा माहितीच्या नावाखाली वेळ घेतला जातो आणि दहाव्या मिनिटाला बायोडेटा पुढे सरकवला जातो. माझ्याकडे आलेल्या काहींनी तसे केले आहे. त्यानंतरचे संभाषण दोन्ही बाजूंनी केवळ उरकले गेले.

आता काय विचारावे याविषयी, कारण माझ्या मते सगळे यश तिथेच ठरते. ‘तुमचे क्षेत्र कसे आहे?’ असे विचारले की माणूस मत देतो, आणि मते साधारणतः जाहिरातीइतकीच गुळगुळीत असतात. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात गेला?’ असे विचारा. मग मी आपल्याला सांगेन की, एका औषधाच्या मंजुरीच्या अर्जावर नियामक संस्थेने काही शंका उपस्थित केल्या होत्या, उत्तराची मुदत ठरलेली होती, आणि माझा बहुतेक आठवडा उत्पादन, गुणवत्ता आणि संशोधन अशा तीन विभागांकडून तुकड्या-तुकड्याने माहिती गोळा करण्यात आणि ती परस्परांशी जुळते आहे की नाही हे ताडून पाहण्यात गेला. लेखन त्यात होते, पण ते शेवटच्या टप्प्यात आणि थोडे. पाठपुरावा मात्र भरपूर होता. आपल्याला लेखन आवडते म्हणून आपण इकडे वळणार असाल, तर ही एक गोष्ट कोणत्याही जाहिरातीपेक्षा आपल्या जास्त उपयोगाची आहे.

याच धर्तीचे आणखी काही प्रश्न सुचवतो. हातातले शेवटचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे गेले? त्यात कंटाळवाणा भाग कोणता होता? रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कोणती गोष्ट अनपेक्षित निघाली? तुमच्या चमूत नव्याने आलेल्यांपैकी कोण पटकन रुळले, आणि ज्यांना जड गेले त्यांना ते का जड गेले? माझ्यासारखी पार्श्वभूमी असलेल्या व्यक्तीला कोणती गोष्ट नव्याने शिकावी लागेल? यांतला कंटाळवाण्या भागाविषयीचा प्रश्न मी कधीच गाळू देणार नाही, कारण प्रत्येक कामाचा मोठा हिस्सा तोच असतो आणि तो आपल्याला सोसवतो का, हेच पाहायचे असते.

दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबणे म्हणजे स्वतःची विचारशक्ती गहाण ठेवणे, असे काहींना वाटते. याविषयी मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. एखाद्या अनोळखी पुरुषाशी होणारी पाच मिनिटांची भेट आपल्याला किती आवडेल, याचा अंदाज त्यात काही तरुणींना बांधायचा होता. काहींना त्या पुरुषाचे छायाचित्र आणि माहिती दिली गेली. इतरांना केवळ, त्याला आधी भेटलेल्या एका अनोळखी तरुणीला ती भेट किती आवडली, एवढेच सांगितले गेले. दुसऱ्या प्रकारचे अंदाज अधिक अचूक ठरले, तरीही सहभागी झालेल्यांचा विश्वास मात्र छायाचित्र आणि माहितीवरच अधिक होता. नोकरीची जाहिरात हे छायाचित्र आहे असे धरले, तर त्या खुर्चीत आज बसलेल्या व्यक्तीचा अनुभव का विचारावा, हे वेगळे सांगायला नको.

कोणाला विचारावे? विभागप्रमुखांच्या मागे लागू नका. त्यांचा दिवस बैठकांत जातो आणि सुरुवातीच्या पदावरचे काम त्यांनी सोडून बराच काळ लोटलेला असतो. आपण ज्या पदावर रुजू व्हाल, त्या पदावर दोन ते पाच वर्षे झालेली व्यक्ती सर्वांत उपयोगी असते. तिला नवखेपण आठवत असते आणि कामही पुरते कळलेले असते. वेळ वीस ते तीस मिनिटांचा मागावा आणि मागितलेला वेळ संपला की ‘आपण दिलेली वेळ पूर्ण झाली आहे’ असे आपणच म्हणावे. समोरच्याला पुढे बोलायचे असेल तर तो बोलतो, आणि अनेकदा खरे बोलणे तिथूनच सुरू होते.

तयारीशिवाय मात्र जाऊ नका. रेग्युलेटरीचा विचार करत असाल, तर औषधाच्या मंजुरीसाठी दिली जाणारी कागदपत्रे सीटीडी (कॉमन टेक्निकल डॉक्युमेंट) या पाच मॉड्यूलच्या, म्हणजे विभागांच्या, ठरलेल्या रचनेत असतात, आणि आपल्या प्रयोगशाळेतील स्पेसिफिकेशन (गुणवत्तेच्या ठरलेल्या मर्यादा), चाचणीपद्धतींचे व्हॅलिडेशन (पद्धत विश्वासार्ह असल्याची खातरजमा) व स्टॅबिलिटीचे (औषध किती काळ टिकते याचे) निष्कर्ष त्यांतल्या तिसऱ्या, म्हणजे गुणवत्तेच्या मॉड्यूलमध्ये जातात, एवढे तरी माहीत असावे. मग आपण ‘सीटीडी म्हणजे काय?’ असे न विचारता ‘तिसऱ्या मॉड्यूलवर काम करणाऱ्याला प्रयोगशाळेच्या अनुभवाचा फायदा नेमका कुठे होतो आणि कुठे तो अनुभव आड येतो?’ असे विचाराल. या दुसऱ्या प्रश्नाला मी तासभर उत्तर देऊ शकेन.


तिरकसनजर

पैलतीर यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु या मार्गाची एक मोठी उणीव त्यात आलेली नाही. आपल्याला भेटायला होकार देणारी व्यक्ती बहुधा त्या क्षेत्रात टिकलेली, स्थिरावलेली आणि आपल्या निवडीविषयी समाधानी असते. ज्यांना ते काम मानवले नाही ते केव्हाच बाहेर पडलेले असतात, आणि जे आत राहून त्रस्त आहेत ते अनोळखी माणसाशी त्याविषयी बोलत नाहीत. परिणामी अशा भेटींतून क्षेत्राचे जे चित्र उभे राहते ते प्रत्यक्षापेक्षा उजळ असते, आणि सांगणारा पूर्ण प्रामाणिक असूनही ते तसे असते.

यावर उपाय आहे, पण तो थोडा खटपटीचा आहे. ते क्षेत्र सोडून गेलेली किमान एक व्यक्ती शोधून काढावी. व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळांवर लोकांचा आधीचा अनुभव दिसतो. ज्यांनी मेडिकल रायटिंग दोन-तीन वर्षांत सोडले अशांना शोधणे त्यामुळे शक्य असते. त्यांना ‘का सोडले?’ असे थेट विचारल्यास बचावात्मक उत्तर मिळण्याची शक्यता असते. ‘आताच्या कामात आधीच्या कामातले काय राहून गेले आणि कशातून सुटका झाली?’ असे विचारले तर दोन्ही बाजू समोर येतात.

दुसरी गोष्ट अशी की, एका भेटीवरून निष्कर्ष काढू नये. एकाच पदनामाचे काम मोठ्या कंपनीत, लहान कंपनीत आणि अनेक कंपन्यांची कामे कंत्राटाने घेणाऱ्या संस्थेत फार वेगळे असते. मोठ्या ठिकाणी एखाद्याच्या वाट्याला एकाच प्रकारची कागदपत्रे वर्षानुवर्षे येतात. लहान ठिकाणी तोच माणूस सकाळी लेबलचा मजकूर तपासतो आणि दुपारी नियामकांच्या पत्राला उत्तर लिहितो. त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारच्या संस्थांतल्या निदान तीन जणांना तेच प्रश्न विचारावेत. तिघांचे जिथे एकमत होते ती बहुधा क्षेत्राची प्रकृती असते. जिथे मतभेद होतात तो त्या संस्थेचा किंवा त्या व्यक्तीच्या स्वभावाचा भाग असतो.

भवितव्याविषयीचे प्रश्न मात्र जपून विचारावेत. ‘पुढच्या दहा वर्षांत या क्षेत्राचे काय होईल?’ या प्रश्नाला प्रत्येकजण आत्मविश्वासाने उत्तर देतो आणि त्या उत्तराची किंमत फारशी नसते. त्याऐवजी ‘दोन वर्षांपूर्वी तुम्ही हाताने करत होता आणि आता करावे लागत नाही असे काय आहे?’ असे विचारावे. लेखनाचा मसुदा तयार करणारी नवी साधने आल्यापासून मेडिकल रायटिंगमध्ये हा प्रश्न आवर्जून विचारण्यासारखा झाला आहे.


निळीशाई

आपण दोघांनीही इतके तपशीलवार लिहिले, याबद्दल मनापासून आभार. कंटाळवाण्या भागाविषयीचा आणि ‘कशातून सुटका झाली’ हा प्रश्न मी लगेच टिपून ठेवला आहे. धीर करून पहिल्या निरोपाचा मसुदा लिहिला आहे. तो असा:

‘आदरणीय महोदया, सविनय नमस्कार. मी गुणवत्ता नियंत्रण क्षेत्रातील एक अनुभवी व्यावसायिक असून मला मेडिकल रायटिंग या क्षेत्राबद्दल अत्यंत उत्सुकता आहे. आपली कारकीर्द अतिशय प्रेरणादायी आहे. आपल्या व्यग्र दिनक्रमातून आपण मला मार्गदर्शन करू शकलात तर मी आपली आजन्म ऋणी राहीन. या क्षेत्रात काही संधी असल्यास तेही कृपया कळवावे. सोबत माझा बायोडेटा जोडत आहे. आपल्या सोयीनुसार केव्हाही बोलता येईल.’

यात काही तरी चुकते आहे असे वाटते, पण काय ते सांगता येत नाही. कृपया निःसंकोचपणे सुधारणा सुचवाव्यात.


शब्दवेध

मी मेडिकल रायटर आहे आणि या प्रकारचे निरोप मला अधूनमधून येत असतात, म्हणून ते वाचताना मनात काय येते ते स्पष्टच लिहितो. आपल्या मसुद्यातील पहिली तीन वाक्ये कोणालाही पाठवता येतील अशी आहेत, त्यामुळे ती मला उद्देशून आहेत असे वाटत नाही. ‘मार्गदर्शन’ हा शब्द मला घाबरवतो. त्यात किती वेळ जाईल आणि माझ्याकडून काय अपेक्षित आहे, याचा अंदाज लागत नाही. ‘संधी असल्यास कळवावे’ आणि बायोडेटा, या दोन गोष्टींनी आपण ज्या शंकेमुळे अडखळत होता तीच शंका माझ्या मनात निर्माण केली आहे. ‘केव्हाही बोलता येईल’ हे सौजन्य म्हणून लिहिलेले असले, तरी वेळ ठरवण्याचे काम त्यामुळे माझ्याकडे येते. आणि आजन्म ऋणाचा भार कृपया कोणावरही टाकू नये.

मी तो असा लिहिला असता:

‘नमस्कार. मी औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. मर्यादेबाहेरच्या निष्कर्षांचे चौकशी-अहवाल लिहिणे हा माझ्या कामातला मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे, आणि म्हणून मेडिकल रायटिंगकडे वळावे का, याचा विचार करत आहे. आपणही प्रयोगशाळेतून या क्षेत्रात आल्याचे आपल्या माहितीत वाचले. क्लिनिकल अभ्यासाचा अहवाल लिहिताना प्रत्यक्ष लेखनात किती वेळ जातो आणि परीक्षकांच्या सूचना जुळवण्यात किती, हे मला आपल्याकडून समजून घ्यायला आवडेल. येत्या दोन आठवड्यांत मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटे फोनवर बोलता येईल का? आपल्याला शक्य नसेल तर तसे मोकळेपणाने कळवावे. मी सध्याच्या ठिकाणी याविषयी काही बोललेले नाही, त्यामुळे हा विषय आपल्यापुरता ठेवावा, ही विनंती.’

यात काय बदलले ते पाहा. आपण कोण, हे विशेषणांऐवजी एका ठोस कामातून कळते. याच व्यक्तीला का विचारले, त्याचे कारण आहे. एक प्रश्न आधीच समोर ठेवलेला आहे आणि तो असा आहे की, वाचताक्षणी उत्तर सुचू लागते. वेळेला मर्यादा आहे, नकार देणे सोपे केले आहे, आणि आपल्या कार्यालयाबाबतची चिंताही एका वाक्यात मिटली आहे. ते वाक्य लिहायला संकोचू नये. नोकरीत असताना चाचपणी करणाऱ्या माणसाची ही गरज सर्वांना समजते. ज्या कंपन्यांचा आपल्या कंपनीशी रोजचा संबंध येतो, तिथल्या लोकांना मात्र सुरुवातीला टाळावे.

लोक वेळ का देतील, हा आपला पहिला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, मदत मागणारी माणसे होकारांचा अंदाज नेहमी कमी बांधतात. समोरचा होकार देईल याची शक्यता त्यांनी प्रत्यक्षापेक्षा पन्नास टक्क्यांपर्यंत कमी धरली होती. नाही म्हणणे समोरच्यालाही अवघड जाते, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अर्थात त्या विनंत्या समोरासमोर केलेल्या होत्या. त्याच विषयावर पुढे झालेल्या २०१७ च्या संशोधनात ईमेलची गोष्ट नेमकी उलट निघाली: लेखी विनंतीला मिळणाऱ्या होकारांचा अंदाज लोक फार जास्त बांधतात. म्हणून दोघांना ओळखणारी एखादी व्यक्ती असेल तर तिच्यामार्फत जावे, परिसंवादात किंवा प्रशिक्षणात प्रत्यक्ष भेट होत असेल तर तिथेच विचारावे, आणि केवळ निरोप पाठवत असाल तर अनेकांकडून उत्तर येणार नाही हे गृहीत धरून पाठवावे. आठवड्याभराने एकदा आठवण द्यावी, मी स्वतः अशा आठवणीमुळेच अनेकांना उत्तर दिले आहे. त्यानंतर मात्र तो विषय सोडून द्यावा.


सेतुबंध

ओळख टिकवण्याविषयी लिहितो, कारण त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचे प्रयत्न तिथेच थांबतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा ‘दुबळ्या नात्यांचे बळ’ या कल्पनेविषयीचा शोधनिबंध या संदर्भात नेहमी सांगितला जातो. बॉस्टनच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारले की, ज्यांच्याकडून नोकरीची माहिती मिळाली त्या व्यक्तीला तुम्ही त्या सुमारास किती वेळा भेटत होता. अशा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या व्यक्तीला वारंवार भेटत होते, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचित भेटत होते. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखे आहे: आपल्या निकटच्या लोकांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, आणि नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. ‘लिंक्डइन’वर दोन कोटींहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत या कल्पनेला एक महत्त्वाची पुरवणी मिळाली. नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरली ती मध्यम प्रतीची दुबळी नाती. अगदीच नाममात्र ओळखींचा उपयोग त्यांच्याहून कमी होता.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की, शेकडो लोकांना संकेतस्थळावर जोडून घेणे हे काम नव्हे आणि कोणाशी गाढ मैत्री करणेही आवश्यक नाही. एकदा नीट बोलणे झालेले, आपले काम आणि आपली दिशा ज्यांना आठवते असे थोडे लोक असावेत. ते कसे साधते? भेटीनंतर एक-दोन दिवसांत आभाराचा निरोप पाठवावा आणि त्यात त्यांच्या बोलण्यातली नेमकी कोणती गोष्ट उपयोगी पडली ते लिहावे. तो निरोप बहुतेकजण पाठवतात. खरा फरक पडतो तो त्यानंतरच्या, महिन्या-दोन महिन्यांनी पाठवलेल्या निरोपाने, आणि तो जवळजवळ कोणीच पाठवत नाही. त्यांनी काही वाचायला सुचवले असेल तर ते वाचून काय वाटले, कोणाला भेटायला सांगितले असेल तर त्या भेटीत काय झाले, आणि आपला विचार आता कुठे आला आहे, एवढे चार ओळींत कळवावे. ज्याने सल्ला दिला त्याला त्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे असते. ते कळले नाही की आपला वेळ वाया गेला अशी त्याची समजूत होते, आणि पुढच्या माणसाला वेळ देताना तो हात आखडता घेतो. आपला निर्णय त्या क्षेत्रात न जाण्याचा झाला, तरीही तो कळवावा. असे कळवणारी माणसे माझ्या तर कायमची लक्षात राहिली आहेत.

हे केले तर सणावाराच्या शुभेच्छांची काही गरज उरत नाही. आपल्याकडे देण्यासारखे काही नाही असेही समजू नका. प्रयोगशाळेत रोज काम करणाऱ्याला चाचणीपद्धतीतल्या खाचाखोचा ठाऊक असतात, ज्या कागदपत्रे तयार करणाऱ्याला नेहमी दिसत नाहीत. पुढे कधी तरी त्यांनाच त्याविषयी शंका विचारावीशी वाटू शकते. मात्र आपल्या कंपनीची अंतर्गत माहिती कोणालाही देऊ नये आणि त्यांच्याकडेही मागू नये. कोणत्या औषधाचा अर्ज दाखल होणार आहे, कोणत्या तपासणीत काय निघाले, हे विषय ओघानेही निघू देऊ नयेत. या उद्योगात असा एक प्रश्न माणसाविषयीचा विश्वास संपवायला पुरेसा असतो.

भेटीच्या अखेरीस ‘याविषयी आणखी कोणाशी बोललेले बरे?’ हे अवश्य विचारावे आणि नाव मिळाल्यास ‘आपण सुचवल्याचे सांगितले तर चालेल का?’ अशी परवानगी घ्यावी. न विचारता कोणाचे नाव पुढे करणे योग्य नाही. पगाराविषयी विचारायचे असल्यास त्यांचा पगार विचारू नये; या पातळीवर नव्याने येणाऱ्याने साधारण किती अपेक्षा ठेवावी, असे विचारावे आणि तेही पहिल्या पाच मिनिटांत नव्हे. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी टिपणे लिहून काढावीत. त्यांत त्यांनी काय सांगितले ते एकीकडे आणि ते ऐकताना आपल्याला काय वाटले ते वेगळे लिहावे. तीन-चार भेटींनंतर ही दुसऱ्या प्रकारची टिपणे सलग वाचली की, आपले मन कोणत्या कामाच्या वर्णनाने उचल खाते आणि कोणत्या वर्णनाला आपण केवळ मान डोलावली, हे दिसू लागते.


निळीशाई

शब्दवेध यांचा मसुदा थोड्या फरकाने पाठवला होता. उत्तर आले आणि गुरुवारी बोलायचे ठरले आहे. त्यापूर्वी दोन शंका विचारते. बोलण्याच्या ओघात त्यांनीच ‘बायोडेटा पाठवून द्या’ असे म्हटले तर काय करावे? लगेच पाठवला तर मी आधी जे लिहिले ते खोटे ठरेल, अशी धाकधूक वाटते. आणि क्लिनिकल अभ्यासाचे अहवाल मी कधी पाहिलेलेच नाहीत, तर तयारी म्हणून काय वाचावे?


शब्दवेध

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण गुरुवारपूर्वी ते हाती असलेले बरे. या अहवालांची रचना आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ई-३ या मार्गदर्शक सूचनांनुसार असते. त्या सूचना सर्वांसाठी खुल्या आहेत. सगळ्या न वाचता अनुक्रमणिका आणि सारांशाविषयीचा भाग वाचला तरी सध्या पुरे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी ही युरोपातील औषध-नियामक संस्था मंजूर औषधांचे सार्वजनिक मूल्यांकन-अहवाल प्रसिद्ध करते. ते नियामकांनी लिहिलेले असतात, मेडिकल रायटरने नव्हे. पण आपण लिहिलेल्या मजकुराकडे पलीकडचा वाचक कोणत्या नजरेने पाहतो, हे त्यांतून समजते. आपल्या परिचयाच्या एखाद्या औषधाचा अहवाल घ्या, त्यातला गुणवत्तेचा भाग आपल्याला सहज कळेल, आणि मग क्लिनिकल भाग वाचताना आपण कुठे अडखळता, कुठे कंटाळता आणि कुठे पुढे वाचावेसे वाटते, ते पाहा. त्या अडखळलेल्या जागांपैकी एक-दोन थेट गुरुवारी विचारता येतील.

बायोडेटाचे म्हणाल तर, त्यांनी मागितला तर अवश्य पाठवावा. मागणे त्यांच्याकडून आले आहे, तेव्हा आपला शब्द मोडत नाही. मात्र फोन ठेवल्याबरोबर जुनी प्रत पाठवू नये. ‘आपल्याशी बोलून झाल्यावर तो थोडा सुधारून दोन दिवसांत पाठवते’ असे सांगावे आणि त्यांनी कामाविषयी जे सांगितले त्याला धरून आपले चौकशी-अहवालांचे काम वर आणावे. पाठवताना, हा कोणत्या विशिष्ट जागेसाठी आहे की केवळ त्यांच्या माहितीसाठी, तेही विचारून घ्यावे, म्हणजे तो परस्पर कुणाकडे जाणार नाही. आणि त्यांनी मागितला नाही, तर आपणही तो विषय काढू नये.


पैलतीर

एक छोटीशी भर. फोनवर बोलणार असाल तर ठरल्या वेळी फोन कोणी करायचा, हे बुधवारीच निरोप पाठवून पक्के करावे. दोघेही एकमेकांच्या फोनची वाट पाहत बसले आणि वीसपैकी दहा मिनिटे तशीच गेली, असे माझ्याबाबत घडलेले आहे. प्रश्नांची यादी समोर असू द्यावी, परंतु ती क्रमाने वाचू नये. त्यांच्या पहिल्याच उत्तरात काही अनपेक्षित आले, तर यादी बाजूला ठेवून त्याविषयीच पुढे विचारावे.